डाग गेला, पण मार्बलही गेला

“मशीन आलंय बघ. कोपऱ्यावर.”

काकू एवढंच म्हणाल्या आणि कढीपत्त्याच्या डहाळ्या माझ्या हातात देता देता त्यांनी भुवया वर केल्या. त्यांच्या आणि आमच्या अंगणात छातीइतकी भिंत आहे. तिच्यावर त्यांच्या बाजूला कुंड्या, माझ्या बाजूला कायम काहीतरी वाळवण, आणि मध्ये दोघींची कोपरं टेकतील एवढीच मोकळी जागा. सांगलीतल्या आमच्या कॉलनीचं बरंचसं कामकाज त्या जागेवरून चालतं.

“कसलं मशीन?”

“पॉलिशचं. मघाशी टेंपोतून उतरवलं. घरघर ऐकू येत नाही होय तुला?”

येत होती, पण मला वाटलं कुणीतरी बोअर मारतंय. कोपऱ्यावरचा बंगला म्हणजे ठेकेदारसाहेबांचा. वास्तुशांत दिवाळीनंतर झाली, तेव्हा आम्हा बायकांना चपला पार फाटकाबाहेर काढायला लावल्या होत्या, कारण आत इटालियन मार्बल. त्या दिवशी वहिनीसाहेबांच्या तोंडी हा शब्द इतक्यांदा आला की सत्यनारायणाच्या कथेतला साधुवाणी बिचारा मागे पडला.

“पण काकू, ते तर नवं कोरं. आत्ताच पॉलिश?”

“मुलीची हळद नव्हती का झाली? दारात मांडव घाला म्हणून मी चारदा सांगितलं. तर म्हणे फोटोग्राफरला हॉलमध्ये उजेड बरा मिळतो.” काकूंनी आवाज खाली आणला. खाली म्हणजे पलीकडच्या दोनच घरांना ऐकू जाईल इतका. “मुलाकडची पोरं आली तांब्या-बादल्या घेऊन. हळद लावली म्हणू नकोस, खेळली म्हण. रंगपंचमीच. आणि ती तेलात कालवलेली. सगळी फरशीवर.”

आता सांगलीच्या माणसाला हळदीचं भय दाखवू नये. इथल्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि शेजारच्या हरिपूरला जमिनीत पेवं खणून हळद साठवायची जुनी रीत. हळदीनं पिवळ्या झालेल्या वस्तूंचं आम्हाला काही वाटत नाही. पण ते आम्हाला. वहिनीसाहेब माहेरच्या कोकणातल्या.

“मग पुसायची की लगेच.”

“पुसली. पाण्यानं. हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही गं, तेलात विरघळतो. ओल्या फडक्यानं पुसायला गेलीस की हातभर डागाचा खोलीभर होतो. मग कुणीतरी कपड्यांचा सोडा ओतला. झाली लाल.”

“लाल?”

“कुंकू कशाचं करायचे पूर्वी? हळदीतच चुना नाहीतर टाकणखार घालून. सोड्यानंही तेच होतं. पिवळ्याचं तांबडं. वहिनीसाहेब किंचाळल्या म्हणे, लग्नघरात रक्त सांडल्यासारखं दिसतंय. आणि मग मुंबईच्या आत्याबाई पदर खोचून पुढे झाल्या. बाथरूममधली बाटली आणली, ओतली, दहा मिनिटं ठेवली. फेस आला. सगळ्या म्हणाल्या, बघा, घाण निघतेय!”

काकू थांबल्या. वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलाकडे बघायच्या तशा माझ्याकडे बघितलं. त्यांनी इथल्याच एका शाळेत विज्ञान शिकवलंय आणि निवृत्तीनंतर वर्ग भिंतीवर भरतो.

“काय निघत होतं?” मी विद्यार्थिनीच्या आवाजात विचारलं.

“मार्बल निघत होता. मार्बल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्या बाटलीत असतं हायड्रोक्लोरिक ॲसिड. दोन्ही भेटली की दगड विरघळतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तोच तो फेस. आठवीच्या प्रयोगवहीत खडूच्या तुकड्यावर करून दाखवायची मी. यांनी हॉलभर करून बघितला.”

हसू दाबत मी विचारलं, “डाग तरी गेला का?”

“लाल गेलं. आंबट लागलं की हळद परत पिवळी होते, त्यामुळं त्यांना वाटलं निम्मी लढाई जिंकली. पिवळं थोडं उरलंच, आणि सभोवती परातीएवढा पांढरा, खरखरीत, आंधळा पट्टा. त्याला डाग म्हणायचं नाही. डाग म्हणजे वर काहीतरी बसलेलं. इथं वरचं काही बसलेलं नाही, खालचंच गेलंय. कितीही घासा, ते जाणार कसं? घासून काढण्याजोगं तिथं काही नाहीच. पॉलिशवाला बोलवून सगळ्या हॉलचा थर खाली आणायचा, एवढाच उपाय.”

एवढ्यात आमच्या मावशी आल्या. त्या सकाळी कोपऱ्यावर आणि नंतर माझ्याकडे, त्यामुळं बातमी शिळी होत नाही. पायरीवर टेकल्या आणि पदरानं वारा घेत म्हणाल्या, “वैनी, त्या घरात आज पाय ठेवाया जागा न्हाई. समदीकडं पांढरं पाणी. आणि त्यो पालिशवाला काय म्हनला म्हाईत हाय का?”

काकूंनी मान पुढे काढली.

“म्हनला, ह्यो दगूड आमच्याच मुलखातला. राजस्थानचा. इटालियन-बिटालियन काय न्हाई.”

दोन मिनिटं भिंतीच्या दोन्ही बाजूंना कुणीच बोललं नाही. आनंद पचवायला वेळ लागतो. मग काकूंनीच मोठेपणा दाखवला. “राजस्थानचा असला तर काय कमी आहे होय? ताजमहालाचा दगड मकरान्याचाच. पण मग आमच्या चपला फाटकाबाहेर कशाला?”

मावशींना मात्र वेगळंच शल्य होतं. “म्या सांगितलं हुतं ओ. त्या बाटलीनं फरशी जळती. माझ्या पहिल्या कामावर शाबादी फरशी अशीच जाळली हुती मालकिणीनं. पन कामवालीचं कोन ऐकतंय? त्या आत्याबाई म्हनल्या, तू हो बाजूला.”

खरं सांगायचं तर फरशीबद्दल या कॉलनीत सगळ्यांत जास्त कळतं ते मावशींना. रोज पाच घरांची फरशी त्यांच्या हाताखालून जाते. ओळखतात त्या तळव्यानं. कुठली फरशी पाणी पिते, कुठली वरच्या वर ठेवते, कुठं साबण राहून चिकट झालीय. आणि बाटलीतलं काय आणायचं हे ठरवतो जाहिरात बघणारा माणूस, जो कधी फरशी पुसत नाही. आमच्याकडे तो माणूस म्हणजे आमचे हे.

“पण मग हळद काढायची कशी?” मी विचारलं. प्रश्न स्वार्थी होता. पुतण्याचं लग्न ठरतंय.

“आधी पाणी घालायचंच नाही,” काकू म्हणाल्या. “पुठ्ठ्यानं नाहीतर पत्र्याच्या उलथण्यानं अलगद उचलून घ्यायची, पसरवायची नाही. मग त्यावर कोरडं पीठ टाकायचं, तेल ओढून घ्यायला. ज्वारीचं चालेल, मैदा चालेल, टाल्कम पावडर तर फारच छान. तासाभरानं झाडून घ्यायचं. मग भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब कोमट पाण्यात, मऊ फडकं, कडेकडून मध्याकडे. एवढ्यानं तेल जातं आणि पिवळी झाक राहते. ती झाक राहिली तर मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइड आणायचं, जखम धुवायचं. कापसाचा बोळा भिजवून डागावर ठेवायचा, वर प्लास्टिक, कडा चिकटपट्टीनं बंद. काही तासांनी बघायचं. गेलं नाही तर परत. पांढऱ्या मार्बलवर हे बिनधास्त. गडद दगडावर आधी कपाटाखालच्या कोपऱ्यात थोडं लावून बघायचं, रंग उतरतोय का ते.”

“आणि एवढं करायचं नसेल तर?”

“तर पडदे उघडे ठेवायचे. हळदीला ऊन सोसत नाही. लुगड्यावरचा हळदीचा डाग आपण धुऊन उन्हात टाकतो तेव्हा फिका पडतो, तो ऊन खातं म्हणून. दारातल्या फरशीवर तीच हळद सांडली असती तर चार दिवसांत आपोआप फिकी झाली असती. मी मांडव दारात घाला म्हटलं ते काय उगाच?”

काकूंचं हे असं. शेवटी सगळा मुद्दा त्यांचं ऐकलं नाही इथं येऊन थांबतो. पण बहुतेक वेळा त्यांचं खरं निघतं ही अडचण आहे.

मला एकदम आठवलं, आमच्या स्वयंपाकघरात कोटा आहे आणि परवाच मी त्याच्यावर लिंबू चोळलं होतं. मोबाईलवर कुणीतरी पाठवलं होतं, लिंबू, व्हिनेगर आणि खायचा सोडा, सगळे डाग साफ. काकूंना सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला.

“व्हिनेगर आणि सोडा एकत्र घातलास? एक आंबट, एक खारं. दोघं एकमेकांना संपवतात, बुडबुडे येतात, आणि उरतं मिठासारखं काहीतरी पाण्यात. दिसायला भारी. कामाला शून्य. आणि सोडा कमी पडला की उरलेलं व्हिनेगर कोट्याला खातंय. अगं, कोटा काय, शहाबादी काय, ओट्याचा कडप्पा काय, ही सगळी चुनखडकाची भावंडं. राजस्थान, कर्नाटक, आंध्र अशी तीन गावची, पण रक्त एक. मार्बलला जे चालत नाही ते यांना चालत नाही. कडप्प्यावर कधी लिंबू कापून ठेवलंस? सकाळी तिथं पांढरट गोल दिसतो बघ.”

दिसतो. मी आजवर तो पुसत आले होते.

“मोझॅइक?”

“तुझ्या सासऱ्यांच्या खोलीतलं? तेही. सिमेंटमध्ये मार्बलचे तुकडे बसवलेले असतात, म्हणजे ॲसिडला दोन्ही खायला मिळतं. ओळखायचं असेल तर सोपं आहे. पलंगाखाली, जिथं कुणी बघत नाही, तिथं लिंबाच्या रसाचा एक थेंब टाक आणि कान लाव. सुरसुरलं, बारीक बुडबुडे दिसले, तर फरशी चुन्याच्या जातीची. लगेच पुसून घे. काही झालं नाही तर ग्रॅनाइट नाहीतर भाजलेली टाइल.”

ग्रॅनाइटला लिंबाचं काही वाटत नाही, तेलाचं मात्र वाटतं. आमच्या नणंदेच्या ओट्यावर शेगडीशेजारी तेलाच्या किटलीचं जे काळपट कडं आहे ते ग्रॅनाइटचंच. दगड दिसायला आरशासारखा, पण कोटिंग केलेलं नसेल तर आत पितो. नणंद म्हणते डिझाइन आहे. असू दे.

“आमच्या पोराच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये मात्र काही म्हणजे काही लागत नाही,” मी जरा ऐटीत म्हटलं. “व्हिट्रिफाइड आहे. गुजरातच्या मोरबीची.”

“लागत नाही, कारण ती बाराशे अंशांच्या आसपास भाजतात, काचेसारखी घट्ट होते. तिच्या वजनाच्या अर्धा टक्काही पाणी आत जात नाही. तिथं हळद पडली तर ओल्या फडक्यानं जाईल. पण सांधे बघितलेस का?”

बघितले होते. सून आल्यापासून काळे पडलेत, असं म्हणायचा मोह मी आवरला. मावशींनी आवरला नाही. “सुनबाई मॉप मारतात ओ, बसून कोन पुसतंय आता?”

“सुनेचा काय दोष? पांढरं सिमेंट भरलंय ना सांध्यात? ते पाणी पिणारच. मॉपचं घाण पाणी खोलगट जागेत साचणारच. आणि तिथं ॲसिड मारलंस की टाइल राहील चकचकीत आणि सांधा पोकळ होईल. मग त्यातून पाणी खाली, आणि खालच्या मजल्यावरचे लोक वर. जुना दात घासायचा ब्रश, खायच्या सोड्याची जाडसर पेस्ट, आणि आठवड्याला एक ओळ. पुढं कधी फ्लॅट घेतला तर सांध्यात इपॉक्सी भरून घ्या म्हणावं, जरा महाग पडतं पण ते पीत नाही. लाकडी फ्लोअरिंगची हौस असेल तर मला विचारायला येऊ नका. तिथं पाणी सांडलं की जोड फुगतात, आणि फुगलेली पट्टी परत बसत नाही. ते आपलं काम नव्हे, आपण सडा टाकणारी माणसं.”

मशीनची घरघर मध्येच थांबली. आम्ही तिघींनी एकदम तिकडे बघितलं. कोपऱ्यावरच्या गेटातून आत्याबाई बाहेर आल्या, आमच्याकडे बघून हसल्या, आम्हीही हसलो. “काय, लग्न छान झालं हं!” काकू ओरडल्या. आत्याबाई आत गेल्या. घरघर सुरू झाली.

“पुरानंतर आठवतंय का,” मावशी म्हणाल्या, “ह्याच घरात किती ताप झाला हुता.”

ठेकेदारांनी हे घर बांधायच्या आधी तिथं एक मास्तरांचं कौलारू होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा या गल्लीत पाणी खिडकीला लागलं होतं. फरशीचं खरं ज्ञान सांगलीकरांना त्या महिन्यात मिळालं. पाणी उतरायला लागलं की त्याच पाण्यात गाळ खराट्यानं ढवळून बाहेर लोटायचा, हे जुन्या लोकांना माहीत होतं. जे घर बंद करून पाहुण्यांकडे गेले आणि आठवड्यानं आले, त्यांना दार उघडल्यावर वीतभर वाळलेली माती फोडावी लागली. तीत वाळू असते. कोरडी घासली की पॉलिशवर ओरखडे. आधी भिजवायची, मऊ होऊ द्यायची, मग लाकडी पट्टीनं ओढायची. गाळ निघाला तरी शहाबादी फरशी पुढं कितीतरी महिने पांढरी होत राहिली. आत मुरलेलं पाणी बाहेर येताना क्षार घेऊन येतं, फरशीला लोणा लागतो. आपण धुतो, क्षार पुन्हा आत जातात, पुन्हा वर येतात. कोरड्या ब्रशनं झाडायचं आणि पंखा लावून फरशीला वाळू द्यायचं, बाकी काही नाही. पण एवढा धीर कुणाला असतो?

“मास्तरांनी त्या पांढऱ्यावर ॲसिड ओतलं,” काकू म्हणाल्या. “आणि आदल्या दिवशी ब्लीचिंग पावडर टाकून ठेवली होती घरभर. दोन्ही एक झालं. मी वासावरून धावत गेले. मास्तर दारात बसून खोकतायत, डोळ्यांतून धारा. क्लोरीन गं! १९१५ साली पहिल्या महायुद्धात खंदकांवर सोडला होता तो हाच वायू. आणि आपण तो मोरीत तयार करतो. ब्लीचिंग एकदा टाकलं की भरपूर पाण्यानं धुऊन, दारंखिडक्या उघडल्याशिवाय दुसरं काही टाकायचंच नाही. ॲसिड तर कधीच नाही.”

“बोअरच्या पान्याचं पांढरं पन ॲसिडनंच जातंय की ओ,” मावशींनी शंका काढली.

“जातं ना. बोअरच्या पाण्याचा थर म्हणजेही तेच, कॅल्शियम कार्बोनेट. संडासाच्या भांड्यावर, बाथरूमच्या टाइलवर बसलेला थर ॲसिड खातं आणि खालची चिनीमाती तशीच राहते, म्हणून ती बाटली तिथं कामाची. शहाबादीवर बसलेला थर आणि शहाबादी यांत ॲसिडला फरक कळत नाही. ते दोन्ही खातं. त्याचा काय दोष? ओतणाऱ्यानं बघायला नको?”

मग बोलणं दिवाळीवर गेलं. दारातल्या कोट्यावर पणत्यांच्या तेलाचे काळे ठिपके पडलेत आणि ते काही हलेनात, असं मी म्हटलं. काकू म्हणाल्या खायचा सोडा पाण्यात थालीपिठासारखा कालव, डागावर बोटभर जाड थाप, वर प्लास्टिक घालून दिवसभर ठेव. वाळताना तो आतलं तेल वर ओढतो. जुना डाग एकदा करून जात नाही, फिका होतो, मग परत करायचं. यंदा पणत्यांखाली केळीच्या पानाचे तुकडे ठेव म्हणजे हे काही करावंच लागणार नाही. सिलिंडरच्या गंजाच्या कड्याबद्दल विचारलं, तर त्यांनी हात झटकले. टाइलवर असेल तर लिंबू-मीठ. कोट्यावर असेल तर लिंबू नाही, ऑक्झॅलिकची पावडर नाही, काही नाही. “तिथं परत सिलिंडरच ठेव, डाग दिसणार नाही.”

“आमच्या घरात काय बी लागत न्हाई,” मावशी उठता उठता म्हणाल्या. “डाग पडला की त्येवढं सारवून टाकायचं. आईतवारी समदंच सारवायचं. पालिशवाला नको की मशीन नको.”

काकूंनी त्यांना जास्वंदीची फुलं दिली, देवाला. मावशी आत भांड्यांकडे गेल्या. मी वाळवण उचलायला वळले तर काकूंनी हाक मारली.

“आणि ऐक. ठेकेदारीणबाई तुझ्याकडे येणार आहेत संध्याकाळी. पॉलिश झाल्यावर फरशी रोज कशानं पुसायची ते विचारायला. मी म्हटलं तुला माहीत आहे.”

“मला? तुम्हीच सांगायचं की.”

“माझं ऐकतात होय त्या? तू सांग. साधं पाणी आणि मऊ फडकं. सुगंधी लिक्विड झाकणभर म्हटलं की या वाटीभर ओततात, त्याचाच थर बसतो आणि फरशी आंधळी दिसते. आठवड्याला भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब पुरेत, नंतर एकदा नुसत्या पाण्यानं पुसून घ्यायचं. लिंबाचा वास येणारं काही असेल तर बाटली उलटी करून वाचायचं, वास लिंबाचा आहे की आत खरंच आंबट आहे. आणि इटालियनचा विषय काढू नकोस.”

“नाही काढत.”

“त्यांनी काढला तर मकराना म्हण.”

संध्याकाळी त्या आल्या, चहा घेतला, मकराना ऐकून खूश होऊन गेल्या. तुमच्या घरात शहाबादी, कोटा, कडप्पा, मार्बल किंवा मोझॅइक असेल तर बाथरूममधली ती बाटली आजच उलटी करून वाचा. मागे हायड्रोक्लोरिक ॲसिड लिहिलेलं असेल तर तिला संडासाच्या उंबऱ्याबाहेर आणू नका, आणि हे मुंबईच्या आत्याबाईंनाही कळवा.